फिलिंग केलं आणि आता तिथेच अन्न अडकतंय: दाढांच्या मधल्या किडीबद्दल तुमचे प्रश्न

दातांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि बरीचशी पत्रं एकाच जागेबद्दलची निघाली. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात ती जागा. तिथली कीड दिसत नाही, तिथे ब्रश पोचत नाही आणि तिथलं फिलिंग करणंही डॉक्टरसाठी सगळ्यात किचकट. म्हणून या वेळी सगळी उत्तरं त्याच विषयावर देतेय.

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, दात अजिबात दुखत नाहीत. ऑफिसमध्ये दातांचा कॅम्प होता, तिथून क्लिनिकमध्ये पाठवलं, आणि तिथे एक्स-रे काढून सांगितलं की वरच्या दोन दाढांच्या मध्ये कीड आहे, दोन्हीत फिलिंग करावं लागेल. आरशात बघितलं तर काहीच दिसत नाही. दुखत नसताना दात कोरून घ्यायचा का? की उगाच बिल वाढवतायत?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, शंका येणं साहजिक आहे पण आरशात न दिसणं हा इथे पुरावा धरता येत नाही. ही कीड वरून लागतच नाही. दोन दाढा टेकतात त्या ठिकाणाच्या जरा खाली, हिरडीच्या थोडं वर, बाजूच्या भिंतीतून ती आत शिरते. बाहेरचं इनॅमल कडक असतं म्हणून भोक बारीक राहतं, पण आतलं डेंटिन मऊ, तिथे ती पसरत जाते आणि वरचा पृष्ठभाग मात्र शाबूत दिसतो. मग एखाद दिवशी चणे किंवा चिक्की खाताना दाढेचा कोपराच निखळतो आणि माणूस म्हणतो काल तर चांगली होती दाढ. दुखायला लागतं ते कीड नसेच्या जवळ गेल्यावर, म्हणजे फार उशिरा.

आता एक्स-रेबद्दल. कुठला एक्स-रे काढला ते विचारा. अख्ख्या जबड्याचा जो मोठा फोटो असतो, ओपीजी म्हणतात तो, त्यात शेजारच्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि मधली लहान कीड नीट कळत नाही. यासाठी बाईटविंग नावाचा छोटा एक्स-रे असतो, फिल्म किंवा सेन्सर तोंडात ठेवून दातांनी पट्टी चावून धरायची, त्यात वरच्या आणि खालच्या दाढांच्या फटी स्वच्छ दिसतात. डॉक्टरांना म्हणा, मला स्क्रीनवर दाखवा. कडेच्या पांढऱ्या थरात काळसर त्रिकोण दिसेल. तो त्रिकोण त्या पांढऱ्या थरातच थांबला असेल, म्हणजे कीड फक्त इनॅमलमध्ये असेल, तर शक्यतो कोरायचं नाही. फ्लोराईडची पेस्ट, रोज फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, गोड खाण्याच्या वेळा कमी, आणि सहा महिने-वर्षाने परत तपासणी. अशी कीड तिथेच थांबू शकते, हे खरंच होतं. त्रिकोण थर ओलांडून आत डेंटिनमध्ये स्पष्ट पसरला असेल तर मात्र वाट बघू नका, कारण आज जे छोट्या फिलिंगमध्ये भागतंय तेच पुढे रूट कॅनल आणि कॅपवर जातं. तरीही मनात शंका राहिली तर एक्स-रे मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कुणाचा अपमान नाही.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या मध्ये दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. दिसायला एकदम छान, दुखत नाही, पण त्या दिवसापासून जेवलं की तिथे काही ना काही अडकतं. मटण, मेथीची भाजी, आंब्याच्या केसरा, सगळं. आधी कधीच अडकत नव्हतं. जेवण झालं की काडी किंवा सेफ्टी पिन घेऊन बसावं लागतं, चार लोकांत लाज वाटते, आणि आता हिरडीतून रक्त येतं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले होईल सवय. खरंच होते का सवय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही, याची सवय होत नाही आणि करून घेऊही नका. ही तक्रार इतक्या पत्रांत आहे की याच प्रश्नावर जास्त वेळ थांबतेय.

आधी पिन बंद करा. पिनेने हिरडी फाटते, फिलिंगची कड खरवडली जाते. घरात फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश आणा, तेच वापरा, पण हे फक्त सुधारणा होईपर्यंत.

झालंय काय ते सांगते. आपल्या दाढा बाजूने एकमेकींना घट्ट टेकलेल्या असतात, त्या टेकण्याला आम्ही कॉन्टॅक्ट म्हणतो. हा कॉन्टॅक्ट आहे म्हणून घास दोन दाढांच्या वरून घसरून जातो, मध्ये घुसत नाही. मधली कीड काढली की दाढेची ती अख्खी बाजूची भिंत जाते, आणि ती भिंत डॉक्टरला नव्याने उभी करायची असते, तीही नुसती सरळ नाही तर मूळ दाढेसारखी फुगीर, शेजारणीला बरोबर जागी टेकणारी. त्यासाठी दाढेभोवती धातूची पातळ पट्टी लावतात, तिला मॅट्रिक्स बँड म्हणतात, आणि खाली हिरडीजवळ लाकडाची किंवा प्लास्टिकची छोटी पाचर ठोकतात. पाचर दोन कामं करते. एक, पट्टी खालून दाढेला चिकटून राहते म्हणजे मटेरियल हिरडीत सांडत नाही. दुसरं, ती दोन दाढांना केसभर लांब ढकलते म्हणजे नंतर पट्टी काढल्यावर पट्टीच्या जाडीएवढी फट उरत नाही.

पूर्वी चांदी भरायचे तेव्हा ती दाबून दाबून भरायची असल्यामुळे पट्टी आपोआप शेजारच्या दाढेकडे सरकायची आणि कॉन्टॅक्ट बऱ्यापैकी मिळायचा. कंपोझिट, म्हणजे तुमचं हे दातरंगी सिमेंट, मऊ असतं, दाबलं तरी पट्टीला ढकलत नाही, त्यात ते घट्ट करायला लाईट मारल्यावर आकारमानाने साधारण २-३ टक्के आक्रसतं. म्हणजे चांदीची जुनी पद्धत तशीच्या तशी कंपोझिटला वापरली, सरळ गोल पट्टी लावली आणि भरलं, की भिंत सपाट आणि कॉन्टॅक्ट ढिला. यावर उपाय म्हणून सेक्शनल मॅट्रिक्स आलं, म्हणजे आधीच बाक दिलेला पट्टीचा छोटा तुकडा आणि वर एक स्प्रिंगसारखी रिंग, ती रिंग काम चालू असताना दोन दाढा किंचित फाकवून धरते आणि काढली की दाढा परत जवळ येतात, कॉन्टॅक्ट घट्ट बसतो. याला जास्त वेळ लागतो, सामान महाग पडतं, पण दाढांच्या मधल्या फिलिंगमध्ये मला विचाराल तर कंपोझिट कुठल्या कंपनीचं यापेक्षा पट्टी, रिंग आणि पाचर कशी लावली याने जास्त फरक पडतो. लोक कंपनीचं नाव विचारत बसतात आणि हे विचारायचं राहून जातं.

घरी एक टेस्ट करा. फ्लॉसचा दोरा तिथून वरून खाली न्या. चांगला कॉन्टॅक्ट असेल तर जरा अडतो आणि टक् करून आत जातो, तोंडातल्या दुसऱ्या चांगल्या दाढांमध्ये करून बघा म्हणजे फरक कळेल. काहीच न अडता सरळ गेला तर कॉन्टॅक्ट उघडा आहे. दोरा अडकून तुटला किंवा त्याचे धागे सुटले तर फिलिंगची कड बाहेर आलेली किंवा खरखरीत आहे, किंवा तिथे परत कीड धरलीय. रक्त येतंय म्हणताय म्हणून कड बाहेर आल्याचीही शक्यता आहेच.

मग डॉक्टरकडे जाऊन शांतपणे सांगा: इथला कॉन्टॅक्ट उघडा आहे, अन्न अडकतंय, बाईटविंग काढून बघा आणि परत करून द्या. कड थोडीशीच बाहेर असेल तर घासून पॉलिश करून भागतं, पण उघडा कॉन्टॅक्ट वरवर घासून बंद होत नाही, ती बाजू काढून नव्याने भरावी लागते. कधीकधी दोष फिलिंगचा नसतोही, समोरच्या वरच्या दाढेचं टोक बरोबर या फटीत बसून घास आत ढकलतं किंवा शेजारची दाढ उंचसखल असते, तेही तपासायला सांगा. आणि ते नाहीच म्हणाले तर दुसरीकडे जा. घास अडकत राहिला तर आधी हिरडी सुजते, मग हाड झिजतं, आणि शेजारच्या चांगल्या दाढेलाही कीड लागते. अगदी सुधारता येण्यासारख्या गोष्टीसाठी दोन दाढा धोक्यात घालू नका.

प्रश्न: माझं फिलिंग वीस मिनिटांत झालं, बहिणीचं तसंच फिलिंग दुसऱ्या डॉक्टरांनी तासभर लावून केलं, तोंडावर रबराचा पडदा वगैरे लावला आणि पैसेही बरेच जास्त घेतले. एवढा फरक कशाचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर: कंपोझिट दाताला चिकटतं ते आधी अ‍ॅसिडने दात खरखरीत करून. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी दाखवलं की अ‍ॅसिड लावलेल्या इनॅमलला रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं मटेरियल, चांगलं धरतं, आणि आजची कंपोझिट फिलिंगं त्यावर उभी आहेत. आज साधारण ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड काही सेकंद लावतात, धुतात, मग बाँडिंगचा पातळ थर, त्यावर निळा लाईट, मग कंपोझिट थोडं थोडं भरायचं. साधं कंपोझिट साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला लाईट, कारण लाईट त्याहून खोल नीट पोचत नाही आणि एकदम भरलं तर आक्रसून कडा सुटतात. बल्कफिल म्हणून प्रकार आहे तो साधारण ४ मिलिमीटरपर्यंत एका वेळी चालतो, त्याने वेळ वाचतो आणि त्यात गैर काही नाही.

पण हे सगळं करताना दात कोरडा पाहिजे. थुंकी किंवा हिरडीचं रक्त लागलं की चिकटणं तिथेच बिघडतं. आणि दाढांच्या मधलं फिलिंग खाली हिरडीला टेकतं, तिथे इनॅमल आधीच पातळ, कधीकधी नसतंच. म्हणून परत कीड लागते ती बहुतेक वेळा याच खालच्या कडेला. रबराचा पडदा म्हणजे रबर डॅम, त्याने दात थुंकीपासून वेगळा पडतो. बहिणीच्या डॉक्टरांनी वेळ लावला तो कामाला लावला. तुमचं वीस मिनिटांतलं वाईटच असेल असं मात्र म्हणत नाही, खड्डा लहान असेल, बल्कफिल वापरलं असेल, कापूस आणि सक्शनने कोरडं ठेवलं असेल, तर चांगलं होऊ शकतं. फ्लॉसची टेस्ट वर दिलीय, ती करून बघा.

पैशांची अडचण असेल तर मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे कमी खर्चात काम होतं. तिथल्या कन्झर्व्हेटिव्ह विभागात, म्हणजे दात भरतात त्या विभागात जा. नंबर लागायला वेळ जातो, विद्यार्थी सावकाश करतात, पण वर शिक्षक तपासतात.

प्रश्न: मी जर्मनीत असतो, इथे चांदीचं फिलिंग आता करतच नाहीत म्हणे. आई नाशिकला असते, तिच्या तीन दाढांत पंचवीस वर्षांपूर्वीची चांदी आहे. त्यात पारा असतो हे वाचून मला काळजी वाटते. सगळी काढून कंपोझिट भरून घेऊ का?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर: बरोबर ऐकलंत, युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून चांदीचं फिलिंग म्हणजे अमाल्गम बंद झालंय, वैद्यकीय कारणाने अगदीच गरज असेल तरच चालतं. त्यात वजनाने साधारण अर्धा पारा असतो. पण या निर्णयामागे पर्यावरण मोठं कारण आहे, पारा सांडपाण्यातून, स्मशानातल्या धुरातून बाहेर जातो. पाऱ्याचा वापर कमी करायला मिनामाता करार झाला, तो २०१७ पासून लागू आहे आणि भारतही त्यात आहे. १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना चांदी भरू नये असंही त्यात नंतर ठरलंय.

पण आईंची जुनी चांदी शाबूत असेल, कडा तुटल्या नसतील, खाली कीड नसेल, तर ती काढू नका. कोरून काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते आणि प्रत्येक वेळी चांगल्या दातातलाही थोडा भाग जातो. पंचवीस वर्षं टिकलंय म्हणजे त्या डॉक्टरांनी काम मनापासून केलेलं होतं. नवीन लागेल तेव्हा कंपोझिट करा, तेही नीट केलं तर चांगलं टिकतं, मोठ्या अभ्यासांमध्ये वर्षाला शंभरातली साधारण एक ते तीन निकामी होताना दिसतात. खड्डा फार मोठा असेल, दाढेची टोकं पातळ राहिली असतील, तर भरण्यापेक्षा ऑनले, म्हणजे बाहेर बनवून दाढेवर चिकटवायचा तुकडा, किंवा कॅप बरी.

प्रश्न: चार दिवसांपूर्वी मधलं फिलिंग झालं. आधी दुखत नव्हतं, आता चावलं की कळ येते आणि गार पाणी लागलं की सणक जाते. नस मेली का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: घाबरू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावताना कळ बहुतेक वेळा फिलिंग जरासं उंच राहिल्यामुळे येते. भूल दिलेली असताना आपण नीट चावून दाखवू शकत नाही, त्यामुळे हे नेहमी होतं. परत जा, रंगीत कागद चावायला देतात, उंच ठिपका घासून काढतात, दोन मिनिटांचं काम आहे. हे अंगावर काढू नका, रोज त्यावर आपटून दाढ दुखरी होते. दाब सोडताना कळ येत असेल तर ते वेगळं सांगा, त्यामागे दाढेला चीर असू शकते किंवा फिलिंग आतून सुटलेलं असू शकतं.

गारची सणक पटकन येऊन पटकन जात असेल तर दोन-चार आठवड्यांत कमी होते. पण गार प्यायल्यावर ठणका मिनिटभर रेंगाळत असेल, गरमने वाढत असेल, रात्री झोपेतून आपोआप उठवत असेल, तर नस सुजली आहे, मग रूट कॅनलचा विचार करावाच लागतो, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. फिलिंग लाईटने लगेच घट्ट होतं, चोवीस तास त्या बाजूने खायचं नाही हा नियम चांदीचा, कंपोझिटला लागत नाही. फक्त भूल उतरेपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची, दुधाच्या दाढांच्या मध्ये कीड सांगितलीय. पडणारच आहेत ना त्या, मग खर्च कशाला?
– एक वाचक, लातूर

उत्तर: पडणार आहेत, पण दुधाच्या दाढा पडतात साधारण ९ ते १२ व्या वर्षी, म्हणजे अजून दोन ते पाच वर्षं तिला त्यांच्यावर जेवायचंय. आणि दुसरी गोष्ट बऱ्याच आईवडिलांना माहितच नसते: सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवीन दाढ येते, कुठलाही दात न पडता, ती कायमची असते. तिची पुढची बाजू बरोबर या किडलेल्या दुधाच्या दाढेला टेकलेली असते, आणि तिथली कीड तिला लागते. आयुष्यभराची दाढ आहे ती. म्हणून उपचार कराच. लहान खड्डा असेल तर फिलिंग, पण दुधाच्या दाढेत मधली कीड जरा मोठी असली तर स्टीलची तयार टोपी जास्त टिकते, चंदेरी दिसते एवढंच. मुलं शाळेत जाऊन कौतुकाने दाखवतात, तुम्ही दिसण्यावर अडू नका.

प्रश्न: सासूबाई रोज मिश्री लावतात, म्हणतात त्याने दात मजबूत राहतात, दाढांच्या मध्ये कीड धरत नाही. आणि फ्लॉसने फटी वाढतात का?
– एक वाचक, बीड

उत्तर: मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, त्याने कीड थांबत नाही. चोळल्याने दात झिजतात, हिरड्या खाली जातात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. सासूबाईंना एकदम सोडा म्हणून होणार नाही, सवय लागलेली असते, पण एकदा डॉक्टरकडे नेऊन तोंड तपासून घ्या, पांढरे चट्टे आहेत का ते बघायला सांगा.

फ्लॉसने फटी वाढत नाहीत. सुजलेली हिरडी स्वच्छ होऊन बसली की फट दिसायला लागते, म्हणून लोकांना तसं वाटतं. रात्री झोपण्याआधी एकदा, दोरा दाढेच्या भिंतीला मिठी मारल्यासारखा वळवून वरखाली करायचा, करवतीसारखा ओढायचा नाही. सुरुवातीला चार-आठ दिवस रक्त येईल, तरी चालू ठेवा, पुढेही येतच राहिलं तर दाखवा. पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराईड लिहिलंय का बघा, आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंतची मिळते. आणि ज्यांना फिलिंग करून दोन-चार दिवसच झालेत त्यांनीही फ्लॉस सुरू करायला हरकत नाही, कंपोझिट त्याने निघत नाही, निघालं तर ते नीट चिकटलेलंच नव्हतं, परत भरून मागा.